दादाच्या बचावार्थ गांजाची शास्त्रीय बाजू

सोमवार, ४ मार्च, सकाळी
घरात शांतता आहे. काल गॅरेजमध्ये बाबांना दादाच्या टूलबॉक्सात गांजाची पुडी सापडली. त्यांनी त्याची कॉलर धरून त्याला बॉनेटवर आपटले. दादाने मोठा पाना बाबांच्या खांद्यावर हाणला. हाड वाचले, गिऱ्हाइकाच्या गाडीची काच वाचली नाही. दादा आता मित्राच्या खोलीवर. तो घरी परत यावा म्हणून आई रडते आहे.
संकल्प: गांजा कायदेशीर का असावा, हे बाबांना पुराव्यांनिशी पटवून द्यायचे. बंदीच अशास्त्रीय ठरली, की दादाचा गुन्हा उरतोच कुठे?

मंगळवार, ५ मार्च
दिवसभर ग्रंथालयात. मुद्दे, उपमुद्दे, मेंदूची नामनिर्देशित आकृती. कोवळ्या वयातले धोकेही लिहिले. एकांगी उत्तराला गुण मिळत नाहीत. याच पद्धतीने बोर्डात पहिली आले होते. बाबा काही बोर्डापेक्षा कठोर परीक्षक नव्हेत.

बुधवार, ६ मार्च
आईपुढे सराव. मुद्दा पहिला: केवळ गांजाच्या अतिसेवनाने मृत्यू येणे अत्यंत दुर्मीळ, दारूचे तसे नाही. आई म्हणाली, बाई गं, हे त्यांच्यापुढे बोललीस तर आपल्या घरी तो दुर्मीळ राहायचा नाही. आईला विषयाची गोडी लागते आहे.

गुरुवार, ७ मार्च, दुपारी
गॅरेजमध्ये बाबांना गाठले. ग्राइंडर चालू असल्याने पहिला मुद्दा ऐकू गेला नाही. (माझा आवाज मुळात मृदू.) दुसरा मुद्दा: कायदेशीर दुकानात मालाची शुद्धता तपासता येते, गिऱ्हाइकाचे वय विचारता येते, चोरून विकणारा यातले काहीच करत नाही. बाबांनी ग्राइंडर बंद करून विचारले, कोण विकतो? प्रश्न थेट होता, उत्तरही थेट दिले: शेजारचा पंक्चरवाला.
ट्यूब तपासायच्या टबात बाबांनी त्याचे डोके बुडवून धरले. त्याने टायर काढायच्या लोखंडी पट्टीने बाबांची भुवई फोडली. टाके घालताना बाबा मुळीच ओरडले नाहीत. एकंदरीत मुद्दा अंशतः पोहोचला.

शुक्रवार, ८ मार्च
यश! बाबांनी दादाला रविवारी घरी यायचा निरोप धाडला. मात्र आईजवळ म्हणाले, पोरगं मुळात वाईट नाही, त्या गांजाने डोकं फिरलं, नाहीतर बापावर हात उचलला असता का?
उत्तर बरोबर, पण रीत साफ चुकलेली! चुकीच्या पायऱ्यांनी आलेले बरोबर उत्तर मी शाळेतही खपवून घेतले नाही. दुरुस्ती आवश्यक. आई म्हणाली, तुझ्या पाया पडते, तोंड शिवून बस. भावनेच्या भरात बोलते बिचारी.

रविवार, १० मार्च, दुपारी
दादा बॅग घेऊन आला. बाबा सरकून बसले, त्याला जागा करून दिली. आईने पदर डोळ्यांना लावला. मी उभी राहिले. आयुष्यात प्रथमच आवाज खणखणीत निघाला. मुद्दा तिसरा: दारूचा हिंसेशी संबंध भक्कम पुराव्यांनी दाखवता येतो; गांजाच माणसाला हिंसक करतो, हे मात्र सिद्ध झालेले नाही. शिवाय दादाची पुडी फोडलेलीच नव्हती. सबब, त्या दिवशी त्याने गांजा ओढलेलाच नव्हता.
बाबांनी शेवटपर्यंत ऐकून घेतले. मग दादाला विचारले, म्हणजे शुद्धीत मारलंस मला?
बाबांनी बॅग जिन्यावरून खाली फेकली, पाठोपाठ दादाला ढकलले. दादा रक्ताळलेल्या कोपराने पुन्हा वर आला. मला वाटले, आभार मानेल. त्याने माझ्या थोबाडीत मारली. चष्मा भिंतीवर जाऊन फुटला. कोणी मागितलं होतं तुझं शहाणपण, म्हणाला आणि निघून गेला. आई त्याच्यामागे अनवाणी धावत गेली.

रविवार, संध्याकाळी
आई अजून परतलेली नाही. अक्षर दिसत नसल्याने ओळी वाकड्या येत आहेत. बाबा त्याच जागी सरकून बसलेले आहेत. मघाशी म्हणाले, पोरी, मला हे कशाला सांगितलंस गं?
प्रश्न अभ्यासक्रमाबाहेरचा होता.