बारा वाजता सोडलेले कोर

तीर्थस्वरूप दादांले धाकट्या किसनाचा अकोल्याहून दंडवत. तुमचे गुडघे अन् वयनीचा खोकला कसा हाये ते कळवा. मी बरा हाये, मन बरं नाही. फोन केला असता, पण तुमचा योगेश दिवसभर बाजूलेच बसून राह्यते, म्हणून हे पत्र अंजनगावच्या एसटीत (ड्रायव्हर ओळखीचा निघाला) देऊन राहिलो.

संत्री निवडाच्या शेडसाठी योगेशनं कॉम्प्युटर बनवला, हे तुमाले ठाऊक हाये. शेडच्या तापल्या टिनाखाली सहा घंटे टिकला तं काम त्याले भेटते अन् पोरगा अकोल्यातच राह्यते. नाही तं पुण्याची नोकरी. मंगळवारी त्यानं गच्चीवरच्या टिनाखाली टेस्ट लावली. त्या डब्यात आठ कोर हायेत म्हणे (म्हंजे न दिसणारे आठ गडी). प्रत्येकावर ऐंशी टक्के लोड, स्क्रीनवर आठ पट्ट्या उभ्या. हे काम कोणतं करून राहिले, मी इचारलं. तं म्हणे, काहीच नाही काका, किती तापतात ते पाहासाठी नुसतं राबवून राहिलो. दादा, काळीज चर्र झालं. काम ना धाम, अन् वैशाखात नुसतं राबवणं! मले राखण ठेवून तो शेडमालकाकडे गेला. जळका वास आला तं कोणाचा लोड कसा उतरवाचा, तेवढं दाखवून गेला.

बारा वाजले. आपल्या घरी वैशाखात बारा वाजता जू सुटते, हे आबांपासून चालत आलं (आबा जेवाचे बी त्यानंतरच). मी आठातल्या चौघा कोरांले सोडलं. दीड वाजता त्यांले जुंपून दुसऱ्या चौघांले सोडलं. तीन वाजता सारे पुन्हा कामाले. योगेश आला तं डबा कोमट! पोरानं मले मिठी मारली, मालकाले फोन लावला, पेढे आणले. मी पेढा तसाच कागदात ठेवला. उद्या शेडात डबा बंद पडला तं पोराची अब्रू जाईन, म्हणून सारं सांगून टाकलं. तो रागावला नाही, हेच वाईट झालं. त्यानं पुन्हा फोन लावला अन् मालकाले म्हणे, टेस्ट माह्याकडून चुकली, शुक्रवारी तुमच्यासमोर पुन्हा करतो. माह्याकडून म्हणे! मले लय लाज वाटली, दादा.

काळजी नसावी. यावेळी बटणाले हात लावणार नाही, आबांची आण घेतली हाये.

तुमचा,
किसन

ता. क. : आण घेतली, पण मले माहा भरवसा नाही. शुक्रवारी अकराच्या आत फोन करून मले गावाले बोलावून घ्या. वयनी बिमार हाये म्हणा.

पुन्हा ता. क. : वयनी बिमार म्हणू नका. पोरगा टेस्ट सोडून माह्या मागं निघून येईन. गाय विताना अडली म्हणा.