राखून ठेवलेला गडी

नीउ-व्हेनेप, नेदरलँड्स
ऑगस्ट २०२१, रविवार दुपार

प्रिय पमा,

पाकिटावरचं माझं अक्षर बघून दचकली असशील. रोज फोनवर दिसणारी बाई पत्र कशाला लिहितेय? अगं, फोनवर मी काही विचारायला गेले की तू मध्येच सुरू होतेस. कढीपत्त्याला कीड लागली, नळाला पाणी आलं नाही, शेजारच्यांचं मांजर व्यालं. माझं विचारणं राहूनच जातं. शिवाय या घरात फोनवरचं बोलणं सगळ्यांना ऐकू जातं. म्हणून कागद घेतला. संहिताच्या ऑफिसातली ऋता उद्या पुण्याला निघालीय, ती तिथून कुरिअर करेल.

दमलेय मी, पमा. काम करून नव्हे, काम तसं नाहीच. स्वानंदीच्या वेळचं बाळंतपण करायला म्हणून आले, तीन महिन्यांची बॅग भरून, आणि ती पोर आता घरभर पळायला लागली तरी मी आपली इथंच. खालची खोली म्हणजे सूनबाई संहिताचं ऑफिस, वरची म्हणजे मनोहरचं, आणि मी जिन्यावर. मिक्सर लावायचा नाही, कुकरची शिट्टी होऊ द्यायची नाही, पोरगी रडली तर तोंडावर हात ठेवायचा. दोघं वाईट नाहीत गं, बिचारी दिवसभर त्या स्क्रीनशी बोलून पिवळी पडलीत. मग मी बाबागाडी काढते आणि सुटते. घराच्या मागं पाण्याचा चर आहे, त्यावर लाकडी पूल, आणि पलीकडं मैदान. तिथं बेसबॉल खेळतात. हे लोक त्याला होंकबल म्हणतात.

आता हसू नकोस, पण मला त्या खेळाचं वेड लागलंय. आधी नुसता सराव बघायचे, मग शनिवारच्या मॅचची चटक लागली. मध्ये मॅचेस बंद होत्या, मग सुरू झाल्या तर आत सोडत नव्हते, तेव्हा मी कुंपणाच्या जाळीला नाक लावून उभी. तिथं रिया म्हणून एक बाई भेटली. आपल्याच वयाची, क्लबच्या कँटीनमध्ये फुकट राबते, कारण इथं क्लबच्या माणसांनी आळीपाळीनं राबायचंच असतं. बाकाच्या एका टोकाला ती, दुसऱ्या टोकाला मी, मध्ये करोना. तिचं इंग्रजी मोडकं आणि माझं त्याहून. तिनं बोटांनी, हातवाऱ्यांनी सगळा खेळ शिकवला. तीनदा बॅट हुकली की गडी बाद, तीन गडी बाद झाले की डाव संपला. घड्याळ नाही, मिनिटं नाहीत. एवढं कळलं की बाकीचं आपल्यासारखीला कळतंच की.

आणि कळलं तेव्हापासून माझं डोकं फिरलंय. त्यांचा मॅनेजर आहे, व्हिम. निळं जाकीट, खिशात हात, चेहऱ्यावरची माशी हलत नाही. कोण कितव्या नंबरला मारायला जाणार हे तो ठरवतो. त्याच्याकडं कुरासाओ बेटावरून आलेला एक उंच पोरगा आहे, मी त्याला लंबू म्हणते. विमानतळावर सामान उचलायचं काम करतो. अगं, काय मारतो! एकदा चेंडू थेट चरापलीकडं, आमच्या वाळत घातलेल्या चादरीवर. आणि व्हिम त्याला बसवून ठेवतो! चौथ्या नंबरला, जिथं सगळ्यात दणकट माणूस हवा, तिथं एक जाडा आहे, तो नुसता वारा घालून परत येतो. दर शनिवारी तोच. लंबूला म्हणे खास वेळेसाठी राखून ठेवलंय. रियानं एकदा व्हिमला विचारलंसुद्धा, तर म्हणाला, ‘स्त्राक्स’. म्हणजे नंतर, थोड्या वेळानं. तो पोरगा कुंपणाशी उभा राहून नुसती बॅट फिरवत असतो, इकडं एकेक गडी बाद होत जातो, आणि खास वेळ यायच्या आत मॅच खलास. मागच्या शनिवारी तर मी जाळी हलवून ओरडले, अहो, पाठवा की त्याला, काय लोणचं घालताय का! स्वानंदीनं टाळ्या वाजवल्या. व्हिमनं मान वळवून मला हात केला. मूर्ख मेला.

आपल्या खो-खोतही गडी राखतात म्हणा. पण तू कप्तान असताना मला कधी राखलं नाहीस. पळणाऱ्यांच्या तुकड्या पाडायला बसलीस की पहिल्या तिघींत माझं नाव, ठरलेलं. कोल्हापूरच्या मॅचला माझा घोटा टम्म सुजला होता, आठवतंय? तू त्यावर फडकं करकचून बांधलंस, वरून मोजा चढवलास, आणि बाईंना निरागस तोंड करून सांगितलंस की काही झालेलं नाही हिला. माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि तू मला चिमटा काढून हसायला लावत होतीस. तुझ्याइतकं सफाईदार खोटं सबंध शाळेत कुणाला जमायचं नाही. मी पळाले पण. जिंकलो पण.

इथं मात्र माझा मॅनेजर म्हणजे माझा मुलगा. घरी जायचं म्हटलं की मनोहर म्हणतो, आई, पुढच्या महिन्यात बघू. आधी विमानं बंद होती, ते खरं. मग माझी लस व्हायची होती. मग सांगलीत पेशंट वाढले, मग माझा दमा आठवला, मग पूर आला. प्रत्येक कारण अगदी बरोबर असतं, म्हणून तर जास्त राग येतो. ह्यांना थंडी सोसत नाही म्हणून हे आले नाहीत, आणि तिकडं तुझ्या हातची भाकरी खाऊन एकटे राहिले. मला ह्यांच्याजवळ जायचंय, बाकी काही नको, एवढी साधी गोष्ट मी किती वेळा सांगायची? पोरगा मला तळहातावर जपतो गं. पण जपून जपून करायचं काय माझं?

आणि रोज संध्याकाळी तुझा फोन. पाडव्यापर्यंत हे स्वतः फोन धरायचे. अर्धा वेळ कपाळच दिसायचं, पण भांडायचे तरी. चहात साखर कमी, तू मोठ्यानं बोलू नकोस मी बहिरा नाही, त्या पोरीला मराठी शिकव. पाडव्यानंतर फोन तुझ्या हातात आला. ह्यांचा घसा बसलाय म्हणालीस. वैशाख गेला, आषाढ गेला, घसा बसलेलाच. अंगावर शाल, सांगलीच्या उन्हाळ्यात! मी बोलते, हे मान हलवतात, आणि तू मांजराचं सांगतेस. चेहरा नेहमी डावीकडूनच. मी एकदा म्हटलं, जरा समोरून दाखव की, तर तुझं नेटवर्क गेलं.

काल शनिवारी मनोहर माझ्याबरोबर मॅचला आला. आईला एवढं काय वेड लागलंय ते बघायला. शेवटचा डाव, दोन गडी बाद, दोन जण बेसवर उभे, एक फटका बसला की जिंकलो. लंबू कुंपणाशी बॅट फिरवत तयार. आणि व्हिमनं पाठवला त्या जाड्यालाच. वारा, वारा, वारा. संपलं. मी काही बोलायच्या आत मनोहरच उसळला. पायानं बाकाला लाथ मारली त्यानं. म्हणाला, याला काही अक्कल आहे का, कशासाठी राखून ठेवला होता त्याला, मॅच संपल्यावर लोणचं घालणार का! माझाच शब्द, बघ, माझ्याच पोटचा. घरी परतताना आम्ही लाकडी पुलावर आलो. मग म्हटलं, मनू, तुला एवढं कळतंय, मग मला कशासाठी राखून ठेवलंयस? तुझे बाबा एका बाजूनं लुळे पडलेत हे मला माहीत आहे. पोरगा तिथंच मटकन बसला आणि लहानपणी रडायचा तसा रडला. बाबांना झटका आला तेव्हा विमानात बसवून तुलाही घालवायचं का, असं वाटलं म्हणाला. मग रोज सांगायचं म्हणून ठरवलं आणि रोज राहिलं. मी त्याच्या केसांतून हात फिरवला. राग होताच, पण तो तसा रडत असताना कुठं काढणार? घरी आल्यावर त्यानं आधी तिकीट काढलं, मग चपला काढल्या.

तर पमे, हे पत्र यासाठी. आषाढी एकादशीला ह्यांना साबुदाण्याची खीर भरवताना फोन तुझ्या हातातून घसरला होता. तू ‘अगंबाई’ म्हणून पटकन उचललास, पण तेवढ्यात मला दिसलं. ओघळलेला ओठ, उशीवर ठेवून दिलेला उजवा हात, आणि तुझ्या हातातला चमचा. तेव्हापासून मला माहीत आहे. तुला कळू दिलं नाही, कारण कळलं असतं तर तू फोनवर रडली असतीस, आणि मग ह्यांना तोंड पुसून कोण भरवणार होतं? तुझ्यावर मी खूप रागावलेय. माझा नवरा तू सांभाळलास, तोही मला न सांगता, आणि याचं मी काय करू ते मला समजत नाही. आल्यावर आधी भांडेन, मग तुझ्या गळ्यात पडेन, की उलटं, ते तिथंच ठरवू. पुढच्या रविवारी सकाळी मी सांगलीत. तोवर एकच कर. हे पत्र मिळालं की फोन समोरून धर. खोटं बोलायचं आता काही कारण उरलं नाही. मला ह्यांचा अख्खा चेहरा बघू दे, म्हणजे दारात मला बघून हे हसले, तर ते हसू मला पहिल्या झटक्यात ओळखता येईल.

तुझ्या पहिल्या तुकडीतली, तुझीच,
लीला