पकडीपाशी तुटलेला तुकडा

मी, लेस्टर पिकरिंग, वय एकोणऐंशी, राहणार अल्टोना, संरक्षण खात्याच्या प्रयोगशाळेत चौतीस वर्षं पोलाद तोडून पगार घेतलेला निवृत्त संशोधन अभियंता, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाविना हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. बायको डोरीन पाठीशी उभी आहे, पण तिची मला सवय आहे.

१. राहतं घर आणि बँकेतली शिल्लक डोरीनची. स्वयंपाकघरातली डुगडुगती खुर्चीही तिचीच. ती मी तीस वर्षं दुरुस्त करतो म्हणतोय.

२. माझी हत्यारं मुलगी ग्लेनिसला. जावयाने त्यांना हात लावू नये. त्याने बांधलेला झोपाळा माझ्यासकट खाली आला, तर म्हणतो, "तुम्ही बसणार हे मला कुठे माहीत होतं?"

३. आमच्या माजी संचालकांनी अंत्यविधीत भाषण करू नये. निरोप समारंभात ते चाळीस मिनिटं बोलले, तेही माझं नाव चुकवून.

४. बिस्किटांच्या डब्यातला पोलादाचा तुकडा मर्व्ह कोस्टिगनला द्यावा. प्रयोगशाळेत आम्ही एका बाकावर बसून खिमा भरलेले मीट-पाय खायचो. चिलखती गाड्यांसाठी त्याने सहा वर्षं खपून पोलाद बनवलं; ते ताणून तोडायचं काम माझं. नमुना मधोमध तुटायला हवा. यंत्राच्या पकडीपाशी तुटला, तर तो वाकडा बसवलेला असतो. चाचणी रद्द करून नवा लावायचा. हा पकडीपाशी तुटला. शुक्रवार होता, दुसऱ्या दिवशी फुटबॉलचा अंतिम सामना, मंडळी पबमध्ये खोळंबली होती. मी 'नापास' लिहून सही ठोकली. सोमवारी पुन्हा करू म्हटलं, तर सोमवारी साहेबांनी प्रकल्पच गुंडाळला आणि माझी दातखीळ बसली. मर्व्हला रंगाच्या गोदामात टाकलं. बावीस वर्षं तो माझ्याशी बोललेला नाही. मला याची फार लाज वाटते.

हे वाचून डोरीन म्हणाली, "मेल्यावर सांगणार? तीन गल्ल्या सोडून राहतो तो. भित्रा कुठला! थांब, मीच बोलावते."

५. कलम ४ रद्द. मर्व्ह आला. चष्मा लावून तुटलेली कड बराच वेळ बघत बसला.

"पकडीपाशी," तो म्हणाला.

"हो."

"गाढवा, माझंच पोलाद कच्चं निघालं, या शरमेने मी तुला तोंड दाखवत नव्हतो."

मग त्याने चहा मागितला आणि तुकडा डब्यासकट काखेत मारला. वकील म्हणतात, ज्याला काही मिळणार त्याने साक्षीदार होऊ नये. मर्व्हच्या नावावर आता काहीच उरलेलं नाही, म्हणून सही त्याचीच घेतली.

अल्टोना, १४ मार्च २०१९
लेस्टर पिकरिंग

साक्षीदार:
स्टॅव्ह्रोस कालिवास, शेजारी
मर्व्ह कोस्टिगन, मित्र (डब्यात एकही बिस्कीट नव्हतं, याची नोंद घ्यावी.)