दोन बटणांचा मिक्सर

३ फेब्रुवारी, मंगळवार

जुना मिक्सर गेला! आवाज एकत्र करायचं बारा बटणांचं ते धूड. गाणं ऐकत होते – आधी वास आला, मग धूर, मग एकदम शांत. वाईट वाटायला हवं होतं. नाही वाटलं. उचलून बाहेर ठेवला तर टेबलावर केवढी जागा झाली! तिथे ऊन येऊन बसलं. चहा गार होईपर्यंत मी त्या उन्हाकडेच बघत राहिले.

आता छोटा घ्यायचा. अगदी मुठीएवढा. दोन वायरी आत, एक बाहेर. एक माझ्या कीबोर्डची, एक दादाच्या माइकची. बस्स.

दादा दोन वर्षं गायलेला नाही. कागदावर लिहिलं की हे फार मोठं दिसतं.

५ फेब्रुवारी, गुरुवार

चष्म्याच्या दुकानात माझं काम भिंगं घासायचं; फिरत्या चाकावर भिंग धरलं की वर पडणाऱ्या पाण्याखालून एक बारीक सूर निघतो. आज दिवसभर त्या सुरातच तरंगत होते. एका गिऱ्हाइकाचं डावं भिंग उजवीकडे बसवलं! मालक म्हणाले, ‘बाई, लक्ष कुठंय?’ खरं सांगितलं असतं तर हसले असते.

संध्याकाळी शेजारीण – ‘मिक्सर घेतेयस म्हणे? किती भांडी येतात त्याबरोबर?’ म्हटलं, भांडी नाहीत, बटणं. दोन. ‘दोनच? मग फसवतायत तुला.’

६ फेब्रुवारी, शुक्रवार

दुपारी डुलकी लागली. स्वप्नात दादा गात होता आणि आवाज थेट भिंतीतून येत होता. वायर नाही, काही नाही. जाग आली तेव्हा पंखा फिरत होता नुसता.

८ फेब्रुवारी, रविवार

लिहूनच टाकते. इथे कोण वाचतंय!

दादा दर रविवारी साडेतीनला यायचा. खिशातून तो चेपलेला माउथ ऑर्गन काढायचा, एक सूर फुंकायचा, डोळे मिटायचा आणि गायला लागायचा. ‘लहान मुलाच्या खेळण्यातून सूर घेतोस,’ म्हणून मी चिडवायची. तो हसायचा. पण गाताना दादाचा सूर कीबोर्डच्या जरासा खालीच राहायचा. मध्येच वर ओढायला जायचा आणि घसरायचा. किती गोड आवाज, आणि असा केसभर बेसूर!

मग मी मिक्सरवर त्याच्या आवाजाचं बटण कमी करायला लागले. आधी थोडंसं. पुढच्या रविवारी आणखी थोडंसं. त्याला न सांगता. दोन वर्षं.

मावशीच्या वाढदिवसाला आमचं रेकॉर्डिंग लावलं. सगळे म्हणाले, ‘काय वाजवलंयस गं! मागे कोण गातंय?’ दादानं माझ्याकडे एकदाच पाहिलं. मग सगळ्यांना पाणी द्यायला उठला. त्यालाही आता दोन वर्षं झाली. तेव्हापासून येतो, बल्ब बदलून देतो, नळ दुरुस्त करतो. गात नाही. मीही विचारलं नाही. चोराच्या मनात चांदणं!

आज फोन केला. ‘नवा मिक्सर घेतेय. पुढच्या रविवारी ये ना.’ ‘येतो की.’ ‘गायला, दादा.’ मग – ‘बघू.’

आमच्या घरात ‘बघू’ म्हणजे नाही. पण त्यानं फोन लगेच ठेवला नाही.

११ फेब्रुवारी, बुधवार

वाद्यांचं दुकान. दुकानदार एवढा सावकाश बोलतो की मी त्याला हळूबुवाच म्हणते – मनातल्या मनात. त्यानं दोन मिक्सर समोर ठेवले. एकाला दोन बटणं, ज्याचा त्याचा आवाज वेगळा. दुसऱ्याला एकच! दोघांचा आवाज एकत्र वर, एकत्र खाली. साबणाच्या वडीएवढा. बघताक्षणी जीव जडला. ह्याच्यावर मला दादाला दाबताच येणार नाही.

म्हटलं, हाच द्या. हळूबुवा म्हणे, ‘ताई... मग... मिक्सर... कशाला?’

आता त्याला काय सांगू! म्हणाला, शनिवारी तुमचा कीबोर्ड घेऊन या, दोन्ही लावून बघा.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

एक बटण की दोन? भिंग घासताना तेच. पाण्यातही तेच.

१४ फेब्रुवारी, शनिवार

घरी आल्या आल्या लिहायला बसले.

कीबोर्ड रिक्षात मांडीवर घेऊन गेले. हळूबुवानं एका भोकात माझा लावला, दुसऱ्यात दुकानातला. दोन्हीवर एकच पट्टी दाबली. आवाज भुंग्यासारखा घुमायला लागला – वांव, वांव. मी म्हटलं, मिक्सर बिघडलाय. त्यानं मान हलवली. दुकानातला आणखी एक कीबोर्ड आणला, माझ्याऐवजी तो लावून वाजवला. एकदम स्वच्छ. मग माझ्या कीबोर्डची सेटिंग उघडून बघितली.

‘ताई... तुमचा... सूर... वर चढवलेलाय. केसभर. कधीपासून?’

ती सेटिंग मी बदललेली नाही. कशी बदलतात तेही ठाऊक नव्हतं. वापरलेला घेतला होता, आधीच्या मालकानं केलं असणार. म्हणजे पहिल्या दिवसापासून.

दादा बरोबर गात होता. तो चेपलेला माउथ ऑर्गन बरोबर होता. बेसूर मी होते, आणि बटण त्याचं कमी करत होते!

दुकानातल्या स्टुलावर किती वेळ बसले कोण जाणे. हळूबुवानं पाणी दिलं. त्यानंच सेटिंग सरळ करून दिली. दोन बटणांचा घेतला. एक बटण घेऊन मी माझ्याच हाताला कुलूप लावणार होते. पण चूक हाताची नव्हती, कानाची होती; कुलूप त्याला हवं होतं.

१५ फेब्रुवारी, रविवार, सकाळ

मिक्सर टेबलावर. उन्हात इवलासा दिसतोय. खुर्ची पुसली. माइक लावला. दादाला सांगायचं तर आहेच. पण आला तर ना.

संध्याकाळ

आला. सूर फुंकला, डोळे मिटले, गायला. पूर्ण गाणं! एकदाही घसरला नाही. त्याच्या बटणाला मी हात लावला नाही. संपल्यावर रडत रडत सगळं ओकले – कीबोर्ड, सेटिंग, बटण.

दादा माउथ ऑर्गन शर्टाला पुसत राहिला. म्हणाला, ‘कीबोर्डचं मला पहिल्याच रविवारी कळलं होतं गं. तू इतकी खुशीत वाजवत होतीस... म्हटलं, आपणच वर चढून बघू. बटणाचं तेवढं मावशीकडे कळलं.’