नानीबाईच्या दारापुढची फेरी

मी, पंचफुला बबनराव गाभणे, वय अडुसष्ट, धंदा भाजीपाल्याची बागायत, राहणार कारंजा (लाड), जिल्हा वाशीम, हे मृत्युपत्र राजीखुशीने, कोणाच्या दडपणाखाली न येता लिहून ठेवते. माझे मन ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. तो मुद्दाम घेतला, कारण पुढे भोंग्याचा विषय येणार आहे आणि तो वाचून माझा मुलगा म्हणेल की आईचे डोके फिरले होते. फिरलेले नाही. वकिलांनी मसुदा करून दिला होता, पण त्यात माझे काहीच नव्हते, म्हणून घरी आणून मी तो पुन्हा लिहिला.

१. गावालगतचा मळा माझ्या नावावर आहे. तो मुलगा स्वप्निल आणि मुलगी वैभवी यांनी निम्मा-निम्मा घ्यावा, विहीर सामाईक ठेवावी. स्वप्निल पुण्यात नोकरी करतो, त्याला वांग्याचे रोप कोणते आणि मिरचीचे कोणते हे कळत नाही, तरी वाटा तो वाटा. वैभवी धनजला दिलेली आहे, जवळ आहे, तिने कसावा.

२. राहते घर वैभवीला. स्वप्निलने वाईट वाटून घेऊ नये. घरासोबत एक काम येते आणि ते त्याच्याने होणार नाही. काम कलम आठमध्ये लिहिले आहे.

३. दीर फुलचंद यांना माझ्या मिळकतीतून काही नाही. कारण त्यांना माहीत आहे.

४. यजमानांची मोटारसायकल आता माझ्या नावावर आहे. टाळेबंदीत बाजार बंद पडला, भाजी मळ्यात सडू लागली, तेव्हा यजमानांनी संघदीप वेल्डरकडून तिचे मागचे चाक काढून तिथे दोन चाकांची लांब पेटी जोडून घेतली. गिऱ्हाइकाला लांबूनच भाजी देता यावी म्हणून पेटीला उभ्या चिरलेल्या पाइपची पन्हळ बसवली. वांगी, भेंडी त्यातून घरंगळत फाटकापर्यंत जात. हँडलला हाताने दाबायचा रबरी भोंगा लावला, तो प्रत्येक दारात दोनदा वाजवायचा. कोथिंबीर ते वरून फुकट टाकत, त्यावरून आमचे रोज वाजे. पेटी इतकी लांब झाली की गल्लीतले लोक विचारत, बबनराव, पलंग कुठे घेऊन निघालात? ते हसत. मीही हसायची. ते हसणे आता आठवले की अन्न गोड लागत नाही.

५. दुसऱ्या लाटेच्या उन्हाळ्यात ते एका सकाळी फेरीला गेले. अंगात कणकण होती, मला सांगितले नाही. गल्लीतल्या नानीबाईच्या दारात भोंगा वाजवताना खोकल्याची उबळ आली. नानीबाई खिडकीतून म्हणाली, पुढे जाऊ नका, घरी जा. तिचे बोलणे चुकीचे नव्हते. पण पुढचे घर फुलचंदचे. सख्ख्या भावाला पाणी विचारायचे सोडून त्यांनी पुढच्या सगळ्या घरांना फोन केले. दारे-खिडक्या धडाधड लागल्या. यजमान परत आले आणि मळ्यातल्या खोपीत जाऊन निजले. मला आत येऊ दिले नाही, म्हणून मी बाहेर बसून राहिले. ताप चढला की एकच बोलत, "पुढच्या दारायचं राह्यलं. बरा झालो का जातो." ते बरे झाले नाहीत.

स्वप्निलला आम्ही कळवले की सरकारी गाडीने नेले. तसे झाले नाही. गाडी मिळाली नाही, खांदा द्यायलाही कोणी आले नाही. एकटा संघदीप आला. तो म्हणाला, "काकू, गाडी हाये ना आपली." आम्ही दोघांनी त्यांना त्या पेटीत ठेवले. संघदीपने चालवली, मी कडेला धरून मागे बसले. स्मशानाचा रस्ता मळ्यामागून जातो, गल्लीला काही कळले नाही. स्वप्निल, तुला हे आज कळते आहे. तू पुण्यात अडकला होतास, तिथे एकट्याने हे सोसावे असे मला वाटले नाही.

६. त्यानंतर सकाळी भोंगा वाजू लागला. गाडी पडवीत ताडपत्रीखाली उभी आणि आवाज गल्लीतून येई. दोनदा वाजे, थांबे, पुढच्या दारात वाजे आणि नानीबाईच्या दाराशी येऊन बंद होई. ऐकू सगळ्यांना येई. त्या वेळेला अंगण झाडायला एकही बाई बाहेर पडत नसे. मला भीती वाटली नाही. मी उठून दोन कप चहा टाकायची.

मागल्या वर्षी स्वप्निलच्या ओळखीने पुण्यातल्या एका डिझाइन संग्रहालयाने गाडी प्रदर्शनासाठी नेली. यजमानांचे नाव होईल म्हणून मी हो म्हटले. गाडी गेली आणि गल्लीतला भोंगा बंद पडला. बाया पुन्हा सकाळी अंगण झाडू लागल्या. मला घर खायला उठले.

यंदाचा दसरा झाल्यावर झेंडूचा हार घेऊन मी पुण्याला गेले. दसऱ्याला हार घातल्याशिवाय आमच्या घरातले कोणतेही चाक राहिलेले नाही. एका दालनात हौसेने घडवलेल्या मोटारसायकली होत्या. एकीचे हँडल इतके उंच की दोरीवर लुगडे वाळत घालताना करतो तसे हात करून चालवायची. दुसऱ्या दालनात महामारीतल्या वस्तू, पायाने दाबायचे सॅनिटायझर, सोनेरी मास्क, कोणी जवळ येऊ नये म्हणून केलेली घेरदार टोपी. आमची गाडी मधल्या जागेत होती. कोणत्या दालनात ठेवावी हे त्यांना ठरवता आले नसेल. पाटीवर यजमानांचे नाव बरोबर होते. खाली "फिरते भाजी-दुकान", आणि त्याखाली "हात लावू नये". पेटी धुऊन लख्ख केली होती.

तिथला पहारेकरी भागवत आमच्याच जिल्ह्यातल्या रिठदचा निघाला. माझे बोलणे ऐकून जवळ आला. म्हणाला, "मावशी, हा भोंगा सकायी वाजते. दालनाले कुलूप राह्यते. दोनदा वाजते, थांबते, परत वाजते, अन् मंग मधातच बंद होते. कोनाची वाट पाह्यते हो हा?" मी त्याला सगळे सांगितले. त्याने गाडीपुढची दोरी काढली. मी हार घातला आणि यजमानांचे डोके जिथे होते तिथे हात ठेवला.

तेव्हापासून झोप नाही. माझा माणूस त्या परक्या गावात रोज फेरी मारतो आहे आणि तिथे त्याच्या ओळखीचे एक दार नाही.

७. संग्रहालयाला गाडी कायमची हवी आहे, स्वप्निललाही तेच हवे. मी देते, पण माझे झाल्यावर. प्रदर्शन संपताच गाडी घरी आणावी. मी गेल्यावर तिरडी बांधू नये, मला त्याच पेटीत ठेवावे. संघदीपने चालवावी. मळ्यामागचा रस्ता न धरता गल्लीतून न्यावे. नानीबाईच्या घरापर्यंत मुकाट जावे, तिथवरची फेरी झालेली आहे. त्याच्या पुढून प्रत्येक दारात थांबून भोंगा दोनदा वाजवावा आणि वैभवीने कोथिंबिरीची एक जुडी पन्हळीतून सोडावी. फुलचंदच्या दारातही. दार उघडले नाही तरी जरा थांबावे. शेवटचे दार झाले की मग स्मशान. त्यानंतर गाडी संग्रहालयाला द्यावी. पाटीवर एक ओळ वाढवावी की या गाडीतून नवरा-बायको दोघेही गेले.

८. मग भोंगा थांबेल असे मला वाटते. न थांबला आणि गल्लीत वाजला, तर वैभवीने दार उघडून बाहेर यावे आणि आज काय आणले एवढे विचारावे. घरासोबत येणारे काम हेच. भिऊ नये, तो तिचा बाप आहे. पुण्यात वाजला तर भागवतला मी सांगून ठेवले आहे.

हे सर्व पार पाडण्याचा अधिकार मी वैभवीला देते. याआधी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही.

साक्षीदार पहिला: संघदीप इंगोले, वेल्डर. (साक्षीदाराला काही देऊ नये असे वकील म्हणतात. त्याने मागितलेही नव्हते.) सही.

साक्षीदार दुसरी: नानीबाई ढोके, शेजारीण. हिला सर्व वाचून दाखवले. तिने पेन हातात घेतले. मग म्हणाली, "पंचफुले, माह्या पुढून काहून? भाजी तं मी बी घेतली नाई त्या दिवशी. माह्या दारापासून लाव. दार उघडंच राहीन." सही.

त्याप्रमाणे कलम सातमध्ये दुरुस्ती: फेरी नानीबाईच्या दारापासून सुरू होईल.

ठिकाण: कारंजा (लाड), जि. वाशीम
दिनांक: १७ नोव्हेंबर २०२५
पंचफुला बबनराव गाभणे