मीटिंगच्या खोलीतील सातव्या खुर्चीबाबत

मी, या रुग्णालयाच्या देखभाल विभागातील सुतार, शाळा आठवीत सुटलेला, आज पूर्ण शुद्धीवर असून कोणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र लिहीत आहे. उद्या सकाळी माझ्या हृदयाची झडप बदलायची आहे. डॉक्टर म्हणाले, "अरे, आमचं हे रोजचंच आहे." त्यांचे रोजचे असेल, माझे पहिलेच आहे.

१. राहते घर भाड्याचे आहे, त्यामुळे ते कोणाला देता येत नाही. आतले कपाट मी केलेले आहे, ते आईला. खालचा खण ओढताना जरा वर उचलावा लागतो. आईला ते ठाऊक आहे, तरी लिहिलेले बरे. बँकेत जे काही असेल तेही आईला.

२. करवती, पटाशा आणि हातोडे आमच्या प्लंबरला. त्याने ते कोरड्या जागी ठेवावेत. पाण्याशी त्याचे फार सख्य आहे. माझा चांगला रंधा भांडारपालांना देत आहे. "दोन दिवसांत देतो" म्हणून त्यांनी तो गेल्या हिवाळ्यात नेला. आता निदान तो रीतसर त्यांचा होईल.

३. माझी थोरली बहीण या रुग्णालयाची मेट्रन आहे. सगळ्या वॉर्डांतल्या सिस्टर तिच्या हाताखाली. तरी मीटिंगच्या खोलीत तिला खुर्ची नाही. तिथली रीत अशी, की टेबलाशी बसलेल्यांनी बोलायचे आणि दाराशी उभ्या असलेल्याने विचारले तेवढेच सांगायचे. नव्या वॉर्डात सिस्टरांचे टेबल भिंतीकडे तोंड करून बसवायचे, हे असेच ठरले. नकाशाप्रमाणे मीच ते ठोकले. ताई बघायला आली आणि म्हणाली, "भावड्या, आता माझ्या पोरींनी पाठीला डोळे लावून घ्यायचे का?" मी ते उखडून पेशंटकडे फिरवले.

येत्या सोमवारी दोन वॉर्डांना रात्री मिळून एकच सिस्टर ठेवायची, हे ठरणार आहे. ताईचे म्हणणे असे, की एका वॉर्डात कोणी अत्यवस्थ झाले तर दुसऱ्या वॉर्डातल्याने हाक कोणाला मारायची? हे तिला बसून बोलायचे आहे. मोठ्या साहेबांना मी खुर्चीचे विचारले होते. ते म्हणाले, "टेबलाला सहाच बसतात रे." माणूस वाईट नाही, माझे ऑपरेशन लवकर लागावे म्हणून त्यांनीच शब्द टाकला. पण टेबल मी केलेले आहे. सात आरामात बसतात.

म्हणून मी सातवी खुर्ची केली आहे, बाकीच्या सहांसारखीच हुबेहूब. माझ्या पश्चात ती ताईला मिळावी आणि मीटिंगच्या टेबलाशी ठेवावी.

४. वरचे लिहून होताच ताई आली. तिने उभ्या उभ्याच वाचले.

"म्हणजे तू मेल्यावर मला खुर्ची मिळणार?"

"मृत्युपत्रात तसंच लिहितात, ताई."

"आणि वाचलास तर मी उभीच?"

मी कागद परत घ्यायला हात पुढे केला. ती म्हणाली, "मला ती सोमवारी हवी आहे. आणि तूही हवा आहेस. दोन्ही."

तेव्हा कलम तीनमधील खुर्चीचे दान रद्द समजावे. खुर्ची मी आज, जिवंतपणी, ताईला दिली आहे. शिपायाने ती आत्ताच नेऊन ठेवली. साहेबांनी विचारले, "ही कोणाची?" त्याने सांगितले, "मेट्रनबाईंची." साहेबांनी आपली खुर्ची थोडी सरकवून घेतली, असे तो सांगतो.

पॉलिश अजून ओले आहे. सोमवारपर्यंत त्या खुर्चीवर कोणीही बसू नये. पहिल्यांदा ताईनेच बसावे.

ताईलाही सही करायची होती, पण जिला काही मिळते तिने साक्षीदार होऊ नये असे म्हणतात. तिला तर मिळालेच आहे.

साक्षीदार: १. शेजारच्या खाटेवरचे रिक्षावाले काका (सही)
२. खुर्ची नेणारा शिपाई (सही)

लिहून देणार: सुतार, देखभाल विभाग (सही)
ठिकाण: पुरुषांचा वॉर्ड, खिडकीजवळची खाट
दिनांक: ऑपरेशनचा आदला दिवस, शुक्रवार