जाईपाशी हूल आली

१५ सप्टेंबर १९९६, रविवार

सीडी प्लेअर आणला. घरात एकविसावं शतक आलं, तेही वेळेच्या आधी. खरखर नाही, सुई नाही, धूळ नाही. नुसता लेझर. बोम्मसंद्राच्या कारखान्यात दिवसभर मशीनच्या आवाजात राहूनही माझे कान किती शाबूत आहेत ते आज कळलं. बासरीवाला फुंकर घालण्याआधी श्वास घेतो, तोसुद्धा स्पष्ट ऐकला. वीणा म्हणाली, तो पंखा आहे. पंखा बंद केला. श्वास थांबला. पण मुद्दा तो नाही.

मुद्दा असा की रिमोट आहे, उठावं लागत नाही. वीणाचं म्हणणं, एरवी तरी कुठे उठत होता, प्लेट उलटायला मीच उठायचे.

प्लेट म्हणजे रेकॉर्ड. हिचं माहेर चार पिढ्या बंगळूरचं, त्यामुळे मराठीत असे शब्द. रेकॉर्डला प्लेट, थोडं म्हणजे स्वल्प, बरं म्हणजे सरी. मी पुण्याचा. लग्न झाल्यापासून सुधारतोय. तबकडी असा सुरेख शब्द असताना प्लेट!

अडचण जागेची आहे. हॉलमधल्या मोक्याच्या टेबलावर माझ्या सासऱ्यांचा रेकॉर्ड प्लेअर, शेजारच्या कपाटात त्यांच्या तबकड्या. अप्पा जाऊन दोन वर्षं झाली. सीडी प्लेअर सध्या फ्रिजवर ठेवलाय.

संकल्प: दिवाळीच्या आत तबकड्या घराबाहेर.

१७ सप्टेंबर, मंगळवार

वीणाकडे विषय काढला. ती म्हणाली, अप्पांच्या आहेत. एवढंच. मग मी तिला भावना आणि फ्रीक्वेन्सी यांतला फरक समजावून सांगितला. तिने शांतपणे ऐकून घेतलं. पटलं असावं.

रात्री आमटीत मीठ नव्हतं. विसरली असेल.

१९ सप्टेंबर, गुरुवार

वरच्या मजल्यावरचे घरमालक सुब्बाराव यांना सीडीचं डेमॉन्स्ट्रेशन दिलं. हेही जुने बंगळूरचे मराठी. पाच मिनिटं ऐकून म्हणाले, "छान आहे की. स्वल्प आवाज कमी करा." मग विचारलं, रविवारी सकाळी खालून ऐकू येतं ते जाईचं गाणं यात आहे का. म्हटलं, येईल, सीडीवर येईल, आणि तेव्हा तुम्हाला कळेल की इतकी वर्षं तुम्ही ऐकत होता ते अर्धंच होतं.

हे वाक्य मला फार आवडलं. कुठेतरी वापरलं पाहिजे.

२२ सप्टेंबर, रविवार

इथल्या मराठी मंडळाचा गणपती. नागपूरहून नुकतीच आलेली श्वेता नावाची मुलगी गायली. कॉम्प्युटरमध्ये आहे, आवाज बरा आहे. नेमकं आमचंच जाईचं गाणं घेतलं. आणि काय गावं?

"सांज ढळे अन् जाईपाशी चाहूल आली."

चाहूल! मला राहवेना. टाळ्या संपताच उभा राहिलो आणि सर्वांसमक्ष, पण प्रेमाने, दुरुस्ती केली. शब्द चाहूल नाही, हूल आहे. चाहूल काय, कोणालाही लागते. हूल म्हणजे हुलकावणी. ती जाईपाशी थांबली आहे, तो येतोसा वाटतो आणि येत नाही. आली ती नुसती हूल. पुढची ओळ "हातामधला दिवा हासला" अशी आहे. लोकांना वाटतं आनंदाचं हसू. छे. दिवा तिला हसतोय. एका अक्षराने अख्खं गाणं विरहाचं होतं. शिवाय "हूल"च्या आधी तबलजीने एकच थाप मारली आहे, टक् अशी, तालाच्या जरा बाहेर. काळीज चुकल्याचा ठोका तो.

श्वेता म्हणाली, सर, मी असंच ऐकलंय. म्हटलं, बाळा, आमच्याकडे मूळ तबकडी आहे.

वीणा तेव्हा प्रसादाच्या पातेल्यात काहीतरी शोधत होती. बराच वेळ वर बघितलं नाही.

हा अर्थ मी पहिल्यांदा सांगितला तो मुलगी बघायला गेलो तेव्हा. (पोह्यांऐवजी उप्पीट होतं. मी मनावर घेतलं नाही.) अप्पांनी ही तबकडी लावली होती. मी अर्थ सांगितला, अप्पा माझ्याकडे बघतच राहिले. मग आत जाऊन वीणाला काहीतरी विचारलं आणि आतून आवाज आला, "सरी." तेव्हाही वाटलं होतं, हो म्हणायला काय झालं होतं.

२३ सप्टेंबर, सोमवार

मंडळाच्या अध्यक्ष तुंगाबाई, ज्यांना सगळे तुंगाक्का म्हणतात, यांचा फोन. ऑक्टोबरचा कार्यक्रम मी करावा. विषय मीच सुचवला: सीडी की तबकडी. एकच गाणं दोन्हींवर ऐकवायचं आणि सभेने हात वर करून निकाल द्यायचा. गाणं अर्थातच जाईचं.

वीणाला म्हटलं, तू माहेरच्या बाजूची म्हणून तुझं मत एका बाजूला, मी मॉडर्न म्हणून माझं दुसऱ्या. सभा ठरवेल. सीडी जिंकली तर अप्पांच्या तबकड्या ॲव्हेन्यू रोडच्या जुन्या बाजारात. तबकडी जिंकली तर मी हा विषय जन्मात काढणार नाही. वाटलं होतं रडारड होईल. ती कपाटाकडे बघून म्हणाली, "सरी. पण सभेत जे होईल ते मान्य करायचं. तुम्हीही."

मी शब्दाचा पक्का आहे हे तिला इतक्या वर्षांत कळायला हवं होतं.

६ ऑक्टोबर, रविवार

कार्यक्रमाची सूचना लिहिली. शुद्ध मराठीत. "ज्यांच्याकडे जुनी तबकडी असेल त्यांनी ती पुसून, स्वच्छ करून आणावी." वीणा म्हणाली, प्लेट लिहा, नाहीतर आमच्या लोकांना कळायचं नाही. मी लिहिलं नाही. भाषा अशीच टिकते.

१३ ऑक्टोबर, रविवार

उत्तम बातमी. जाईचं गाणं सीडीवर निघालंय. श्वेता ऑफिसच्या कामासाठी मुंबईला चालली आहे, तीच आणणार. दुरुस्तीचा राग धरला नाही, मुलगी गुणी आहे.

२० ऑक्टोबर, रविवार

श्वेता सीडी घेऊन घरी आली. दारातच म्हणाली, "सर, मी दुकानातली ऐकली, त्यात ना..." मी हात वर करून थांबवलं. एक अक्षर बोलू नकोस. वरचं प्लॅस्टिक मी सभेतच फाडणार, म्हणजे उद्या कोणी म्हणायला नको की मी घरी ऐकून तयारी केली. श्वेताने वीणाकडे बघितलं. वीणाने तिला चहा दिला.

ती गेल्यावर वीणा म्हणाली, एकदा घरी लावून बघा. म्हटलं, निःपक्षपातीपणा नावाची काही चीज असते. पुन्हा म्हणाली, "अहो, ऐका माझं, एकदा लावून बघा." पुन्हा नाही म्हटलं. हिला हरायची भीती वाटतेय. वाईट वाटलं थोडं. पण हॉलची मापं घेतली.

२६ ऑक्टोबर, शनिवार

आरशासमोर भाषण. "हूल" या एका शब्दावर वीस मिनिटं होतात. कमी करणं शक्य नाही. उद्या टर्निंग पॉइंट.

२७ ऑक्टोबर, रविवार, संध्याकाळ

सविस्तर लिहिण्याची इच्छा नाही. पण सत्य नोंदवलं पाहिजे.

मंडळाचा हॉल भरलेला. सुरुवातीलाच गोंधळ. जुन्या बंगळूरच्या सगळ्या बायका तबकं घेऊन आल्या होत्या. ओवाळणीची. पितळी, चांदीची, घासूनपुसून लखलखीत, काहींत कुंकवाची कोयरीसुद्धा. तबकडी म्हणजे छोटं तबक असं धरून. तुंगाक्का म्हणाल्या, "प्लेट म्हटलं असतं तर प्लेट आणली असती की. आम्हाला वाटलं कुणाला तरी ओवाळायचंय." माझ्याकडे बघून म्हणाल्या. मी हसून वेळ मारून नेली आणि तुंगाक्कांचं सोडून बाकीची तबकं टेबलावर मांडून घेतली. शोभा आली.

भाषण अप्रतिम झालं. हूल, विरह, हसणारा दिवा. मागच्या रांगेत कोणीतरी डोळे पुसले. (सुब्बाराव. नंतर म्हणाले, जांभई होती.) मग अप्पांची तबकडी लावली. खरखर, गाणं, आणि जाईपाशी टक्! हूल आली. बोट वर करून म्हटलं, ऐकलीत थाप? आता हीच थाप सीडीवर ऐका. इतकी वर्षं तुम्ही ऐकत होता ते अर्धंच होतं.

प्लॅस्टिक फाडलं. रिमोट दाबला. आवाज काचेसारखा स्वच्छ.

"सांज ढळे अन् जाईपाशी चाहूल आली."

चाहूल. टक् नाहीच. तबला आपला सरळ चाललाय, कुणाचंही काळीज चुकत नाही.

कोणी हसलं नाही. म्हणजे लगेच नाही. आधी तुंगाक्कांच्या हातातल्या तबकातली कोयरी थरथरली, मग त्या, मग सगळा हॉल. मी तत्परतेने स्पष्टीकरण दिलं की सीडीत दोष आहे. डिजिटल करताना कधीकधी एखादं अक्षर जास्त येतं. हे बोलल्यावर लक्षात आलं की मी सीडीच्या बाजूचा आहे.

मग मतदान. सीडीसाठी हात वर करा म्हटल्यावर जवळजवळ सगळ्या हॉलचे हात वर. श्वेताचा हात अर्धाच, बिचारीचा. तबकडीसाठी दोनच हात. एक वीणाचा. दुसरा सुब्बारावांचा. म्हणाले, आम्हाला हूलच पाठ आहे. माझा हात कुठेच वर गेला नाही. वक्त्याने तटस्थ राहावं.

थोडक्यात, सीडी जिंकली. मी जिंकलो.

येताना रिक्षात वीणाच्या मांडीवर अप्पांची तबकडी होती.

२८ ऑक्टोबर, सोमवार

सीडी कंपनीला पत्र लिहायला घेतलं. चुकीच्या अक्षराबद्दल. पुरावा म्हणून तबकडीवरची नेमकी जागा दाखवावी म्हणून कारखान्यातलं भिंग घेऊन हॉलमध्ये आलो. वीणा खाली बसून तबकड्या खोक्यात भरत होती. एकेक पुसून, मध्ये वर्तमानपत्र घालून. सभेचा निकाल मान्य करायचा असं ठरलं होतं, म्हणाली. रडत नव्हती. रडली असती तर मला चार गोष्टी सांगता आल्या असत्या.

जाईची तबकडी मागितली. भिंगातून बघितली. आडवी एक बारीक रेघ. वीणा खोक्यात बघतच बोलली.

"ती थाप नाही हो. ओरखडा आहे. मी सातवीत होते, नाचता नाचता सुईवर हात पडला. सुई तिथे उडी मारते. तेव्हापासून आमच्या घरात 'चा' नाहीच."

इतकी वर्षं बोलली का नाहीस, असं विचारलं. अप्पा तरी का नाही बोलले त्या दिवशी?

"अप्पा आत आले आणि म्हणाले, हा माणूस ओरखड्यातसुद्धा एवढा अर्थ काढतोय. तुझ्यात खोट काढायला त्याला सवड व्हायची नाही. करतेस का? मी म्हटलं, सरी."

 अप्पांचा चेहरा आठवला, माझ्याकडे बघत राहिलेला. मी तो आदर धरून चाललो होतो. खोट काढायला मला सवड होत नाही असं त्यांना वाटलं, आणि मी गेली अकरा वर्षं त्यांच्या मुलीचं मराठी तपासतोय. फार वाईट वाटलं. आतून.

पत्र फाडलं. उद्या कारखान्यात भिंगाची चौकशी होईल म्हणून ते डब्याच्या पिशवीत ठेवलं. मग खोक्यासमोर खाली बसलो आणि तबकड्या परत कपाटात लावायला लागलो. वीणा म्हणाली, सभेचा निकाल? म्हटलं, सभेला कळत नाही. पुण्यातही सभांना फारसं कळत नाही.

उलटसुलट लावल्या म्हणून तिने सगळ्या पुन्हा काढल्या आणि पुन्हा लावल्या. मला बसून राहायला सांगितलं.

१० नोव्हेंबर, रविवार. लक्ष्मीपूजन

सकाळी फराळाला सुब्बाराव. मंडळात मला आता हूलसाहेब म्हणतात असं त्यांनी आनंदाने सांगितलं. म्हटलं, म्हणू देत. तुंगाक्कांनी चकल्या पाठवल्या आहेत, त्या मात्र तबकात घालून. निरोप असा की ही तबकडी परत करायची आहे.

सीडी प्लेअरची जागा ठरली. फ्रिजवरून काढून हॉलच्या टेबलावर आणला आणि त्याच्यावर अप्पांचा रेकॉर्ड प्लेअर ठेवला. उंची अगदी बरोबर येते. वीणाला प्लेट उलटायला वाकावं लागत नाही.

प्लेट असं मी लिहिलं. राहू दे.

जाईचं गाणं लावलं. वीणा, मी आणि जिन्यातून वर जाणारे सुब्बाराव, तिघेही त्या जागी एकदम म्हणालो, हूल आली. दिवा हसला. तो बहुधा आनंदानेच हसतो.

टक् मात्र तबल्याचाच असावा. ओरखडा बरोबर समेच्या आधी कसा पडेल? वीणाला विचारणार होतो, पण ती सरी म्हणाली असती.